वडाच्या पुढे पळालो

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर टाचलेला हा कागद संध्याकाळपर्यंत तरी कुणी काढू नका.

कॉलेज मी अर्ध्यावर सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जिचं नाव इथे लिहिणार नाही, ती परवा म्हणाली, "तुम्ही एक तरी गोष्ट पुरी करता का हो?" माझं डोकंच भडकलं. त्याच रागात ठरवलं, भवानी पेठेतून गिरणीच्या दारापर्यंत रोज पळायचं. पण वाटेतल्या वडापाशीच दम संपायचा आणि मी घरी वळायचो.

आज पहाटेही वडापाशी थांबणार, इतक्यात गिरणीला निघालेल्या एका बाईनं विचारलं, "भोंगा झाला का ओ?" बोलायला दम नव्हता, म्हणून मी नुसता हात हलवला. तिला वाटलं, झाला! "पळा गं, दार लावतील!" ती ओरडली, आणि मागची सगळी माणसं डबे सांभाळत पळत सुटली.

आता थांबतो कसा? मीही पळालो. दाराशी पोचलो तर पहारेकरी जांभया देतोय. भोंगा अजून व्हायचाच होता!

"लई घाई की तुमाला! कुटल्या खात्यात हाय?" बाई कडाडली.

"खात्यात नाही, तब्येतीसाठी पळतो!" मीही चिडून ओरडलो. सगळे पोट धरधरून हसले.

परतताना, जिचं नाव लिहिलं नाही, ती नळावर दिसली. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "आणि उद्या?"

उद्याही पळणार. पण मागे कुणी असलं की थांबता येत नाही, हे आज कळलं. तुमच्यापैकी कोण येतंय?