पहिल्या दिवसाची पाचवी

“डोळा दाव, माय,” असं म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं खाली ओढायची, ही आबांची रामराम घालायची रीत. माणूस ओळखीचा असो की नसो. मी त्यांच्या गावात पहिल्यांदा गेले तेव्हा जीपमधून पुरती उतरायच्या आत माझा डावा डोळा तपासून झाला होता. “पांढरा हाय. ये आता,” ते म्हणाले, आणि मगच मला गावात शिरता आलं.

तुमच्याही गावात असं कुणीतरी असेल. कुणी निखळलेलं हाड बसवतो, कुणी नजर काढतो. कुरुंद्याच्या अलीकडच्या त्या गावात हे कावीळ उतरवायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. कसल्याशा मुळीच्या तुकड्यांची, दोऱ्यात गुंफलेली माळ ते रोग्याच्या डोक्यावर ठेवायचे. ती दिवसागणिक सैल होत गळ्यात यायची, मग पोटापर्यंत उतरायची. माळ उतरली की कावीळ उतरली.

बहुतेक कावीळ विश्रांतीनं आणि पथ्यानं आपोआप बरी होते, हे मी त्यांना एकदा ऐकवलं. ते जराही चिडले नाहीत.

“बराबर. पन ती माळ हाय म्हणून मानूस घरात बसतो. तू सांगून बसल का?”

त्यांच्याशी वाद घालायचा नाही, हे मी तिथंच ठरवलं.

मी लॅब टेक्निशियन. ब प्रकारची कावीळ देशात किती जणांच्या रक्तात आहे आणि लहानपणी लस मिळालेल्या पोरांत ती खरंच कमी झाली आहे का, हे पाहण्याचा सर्व्हे चालू होता. त्यासाठी गावं निवडलेली, गावातली घरं निवडलेली, तीही चिठ्ठ्या टाकल्यासारखी. ही कावीळ मोठी लबाड. वर्षानुवर्षं रक्तात दडून राहते. माणूस धडधाकट दिसतो, डोळे स्वच्छ पांढरे, आणि आत यकृत खराब होत जातं. पांढऱ्या डोळ्यांच्या माणसाला कावीळ असते, हेच आबांना मान्य नव्हतं. त्यात भर म्हणजे त्यांचं घर निवडीत आलं नव्हतं.

“गावातली कावीळ मोजून राहिले अन् मलाच इचारलं न्हाई? काहून?”

“आबा, तुमचा नंबर लागला नाही.”

“माझा लागना, मग कुनाचा लागतो?”

हळदीच्या बाजारात व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर माल बघतो आणि सगळ्या ढिगाचा अंदाज बांधतो, तसंच हे, असं मी त्यांना समजावलं. ते त्यांना एकदम पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर ही गर्दी! आजवर ज्यांची कावीळ आबांनी उतरवली होती ती सगळी माणसं बाह्या वर करून बसलेली. शेजारच्या गावांतलीसुद्धा.

“तुझी तकलीफ वाचवली, माय. निवडून निवडून आनलेत,” आबा म्हणाले. कुठलाही हळदवाला पोत्याच्या तोंडाशी निवडक माल ठेवतो. त्यांनी आमच्यासाठी तेच केलं होतं. असं चालत नाही हे सांगता सांगता माझ्या घशाला कोरड पडली. शेवटी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. बांगड्या विकणारे एक चाचा जाता जाता म्हणाले, “खून नहीं लेते तो चाय तो पूरा कप देना था.” आबा मात्र फुगून बसले.

त्यांचा रुसवा टिकायचा नाही. निवडलेल्या घरांतली माणसं आम्हाला बघून शेताकडं पळू लागली, तेव्हा त्यांना धरून आणायला आबाच निघाले. आणलेल्या माणसाशेजारी बसायचे आणि मी रक्त घेईपर्यंत त्याचा डोळा ओढून धरायचे. लोकांना माझ्या सुईपेक्षा त्यांच्या अंगठ्याची धास्ती जास्त. मला हसू आवरेना, पण काम भराभर उरकलं.

निवडीत त्यांच्या धाकट्या मुलाचं घर आलं होतं. भिंतीला भिंत, चूल वेगळी. घरात सून, पहिल्या खेपेची गरोदर. तिनं हसत हात पुढं केला. आबांनी तिचाही डोळा पाहिला आणि निकाल देऊन टाकला, “पांढरा. हिचं काय बघता?”

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. सुनेच्या रक्तात ही कावीळ होती. डॉक्टरांनी तिला दवाखान्यात बोलावून एकटीला सगळं सांगितलं. नवऱ्याला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. सासऱ्याला सांगायचा मात्र तिला धीर होईना. “तुमी संगं बसा,” ती मला म्हणाली, म्हणून मी गेले.

आबांनी ऐकून घेतलं. मग सुनेला अंगणात उन्हात उभं केलं आणि आधी एक, मग दुसरा डोळा पाहिला.

“पांढरा हाय, पोरी.”

“व्हय मामा. पांढराच राहतो म्हनतेत.”

“माळ चालंल का?” हे त्यांनी मला विचारलं. असं विचारताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“नाही, आबा.”

“अन् लेकराला?”

मी खरं ते सांगितलं. सून तपासण्या करत नीट जगेल. पण बाळंतपणात ही कावीळ आईकडून बाळाला लागू शकते, आणि इतक्या लहानपणी लागली तर बहुतेकदा जन्मभर जात नाही. बाळाला जन्मल्याबरोबर, काही तासांत, लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन मिळालं तर मात्र ते बहुतेक वेळा वाचतं.

“पहिल्याच दिशी?”

“पहिल्याच दिवशी.”

आबांनी चोरून आपल्या घराच्या दाराकडं पाहिलं. कारण मला नंतर कळलं. पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते. त्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून तिची पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ही पाचवी. आणि पाचवी होईपर्यंत बाळाच्या अंगाला लोखंड लावायचं नाही, हा त्यांच्या घरातला नेम. तो राखणारी होती आबांची बायको. अख्ख्या गावाचे डोळे ओढणारा हा माणूस त्या आजींच्या डोळ्याला डोळा देत नसे.

एके दिवशी दुपारी आबांचा फोन आला. “माय, नात झाली. लवकर ये. म्हातारी लेकरू सोडना.”

मी तालुक्याच्या दवाखान्यात पोचले. आजी खाटेवर मांडी घालून बसलेल्या, बाळ पदराखाली. नर्सबाई समजावून थकली होती. डॉक्टर ओरडून गेले होते. बाळाचा बाप खिडकीबाहेर असं काही बघत होता, जणू पहिल्यांदाच झाड पाहतोय.

“सटवाईनं लिवायच्या आधी टोचलं तर ती काय लिवल लेकराच्या कपाळी?” आजी म्हणाल्या. “पाचवी होऊ द्या, मग किती बी टोचा.”

“आई, मव्हं दुखनं तिला लागंल हो,” सून पडल्या पडल्या रडत होती. आजींचेही डोळे भरले होते. त्यांनाही बाळाचं भलंच हवं होतं, म्हणून तर पंचाईत.

आणि आबा कुठं? फोन करून नाहीसे झालेले. मला असा राग आला म्हणता! गावभर शहाणपणा शिकवणारा माणूस ऐन वेळेला पळाला, असं मी नर्सबाईला बोलूनही दाखवलं. ऊन उतरू लागलं होतं.

तेवढ्यात फाटकात मोटारसायकल थांबली. चालवणारा गावातलाच कुणी. मागं आबा, आणि आबांच्या मांडीवर घरचा दगडी पाटा. वरवंटा उपरण्यात बांधून गळ्यात अडकवलेला.

“आबा, इथं चटणी वाटता काय?” वॉचमननं विचारलं.

त्याच्याकडं लक्ष न देता त्यांनी पाटा व्हरांड्यात ठेवला, कमरेला हात लावून सरळ झाले आणि हाक मारली, “म्हातारे, ऊठ. पाचवी मांडली.”

आजी बाळाला घेऊन दारात आल्या. “आज? पाचवा दिस कुटं हाय?”

“ज्या दिशी पाटा मांडला त्या दिशी येती ती. तिला कुटं कॅलेंडर हाय?”

“अन् न्हाई आली तर?”

“तर पाचव्या दिशी आनखी मांडू. दोनदा निवद खाऊन नाराज व्हईल का ती?”

आजींनी बाळ सावरत पाट्याला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, “कागद कोरा आनला का?”

“आनला.”

आजी खाली बसल्या. हळद-कुंकू वाहिलं. आबांनी हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तसे पाट्याशी बोलले, “आई, जरा घाई हाय. नीट लिव. सुईचं बी त्यातच लिव.”

मग आजींनी स्वतः बाळाचं दुपटं बाजूला केलं. टोचलं नर्सबाईनं. दोन्ही मांड्यांना दोन सुया. मी नुसती मागं उभी राहून रडले. त्यात लाज कसली! पोरीनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि आबा सगळ्यांना सांगत सुटले, “आवाज बघा! मोठी व्हनार पोरगी.”

पुढचे डोस आजीच वेळेवर घेऊन यायच्या. पोरगी पावलं टाकायला लागली तेव्हा तिचं रक्त तपासलं. कावीळ नव्हती. मी फोनवर सांगितलं तर आबा म्हणाले, “थांब, बाहीर येतो, मग सांग,” आणि फोन गल्लीत धरून माझ्याकडून ते मोठ्यानं वदवून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. मला उशिरा कळलं. आता त्या गावाकडं जीप वळली तरी उतरायला नको वाटतं.

परवा जवळा बाजार या गावाच्या बाजूला एका दवाखान्यात नमुने आणायला गेले होते. बाळंतिणींच्या खोलीबाहेर एक अनोळखी म्हातारी वरवंटा मांडून बसली होती. शेजारी कोरा कागद.

“मावशी, बाळ कधी झालं?”

“आज सकाळी.”

“मग पाचवी आज कशी?”

“ही सुईची पाचवी. पाचव्या दिशी दुसरी असती.”

“ही कुणी काढली?” मी विचारलं.

परगावची दिसते, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. “काढायची काय त्यात? आमच्यात पहिल्यापासून हाय.”

आबांची फार फार आठवण आली. ते ऐकायला हवे होते. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात म्हातारीनं मला हातानं बाजूला सारलं. “सरक, माय. सुईवाली बाई येऊन राहिली.”