हळद लावलेला संत

कशाचाही भाव विचारला की शेजारचे आजोबा चष्मा काढायचे, स्वेटरच्या टोकाने पुसायचे आणि म्हणायचे, "तू म्हणशील ते. ग्रँड." इकडे आयर्लंडात ग्रँड म्हणजे छान, चालेल, सोड ना, सगळंच.

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी व्यवहार कसा करायचा? मी हॉटेलात भांडी घासून सुरुवात केली आणि इथे सँट्रीत स्वतःचं किराणा दुकान काढलं, ते घासाघीस जमते म्हणून. कोरोनात घरी बसून कंटाळलेल्या या आयरिश शेजाऱ्याने जुनं सामान विकायला गेटपाशी मांडलं. मी एका खुर्चीचा भाव मुद्दाम पाडून सांगितला. "ग्रँड." मी चिडून स्वतःच वाढवला. "तेही ग्रँड." डोकंच फिरलं माझं.

नाही म्हणायचे ते एकाच वस्तूला. दिवाणखान्यातलं संत रोकचं जुनं तैलचित्र. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यालाच गाठ आली म्हणे. म्हणून युरोपभर त्याला असाच रंगवतात: एका हाताने झगा वर करून मांडीवरची जखम दाखवतोय, शेजारी तोंडात पाव धरलेला कुत्रा.

विमानं बंद झाल्यामुळे माझी आई इथेच अडकली होती. तिने दारातूनच चित्राला हात जोडले. "कुत्रा जवळ आहे म्हणजे दत्ताच्याच घरचा कोणीतरी. रोगराईचे दिवस आहेत, बाळू. हा आपल्याकडे हवा."

मी लगेच भाव पाडायला घेतला. "मांडी उघडी, कुत्रा हडकुळा. कोण लावणार हा घरात?"

"कोणीच नाही. म्हणून तो इथे ग्रँड आहे," ते म्हणाले. "माझी बायको रोज त्याच्याशी भांडायची. आता मीच उरलोय त्याला."

पुढे खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते हॉस्पिटलात गेले. बंद घरात ओल धरते म्हणून चित्र आमच्याकडे दिलं. "सांभाळायला हं. विकलेलं नाही."

ते आईच्या खोलीत लागलं. मी दिवसभर दुकानात. काठी टेकत ते परत न्यायला आले, मी चित्र उतरवलं आणि बघतो तर काय. संताच्या कपाळावर कुंकू आणि मांडीवर हळदीचा जाड लेप!

"आई! काय केलंस हे?"

"जखम उघडी किती दिवस ठेवायची? चिघळेल ना."

मी मनात भरपाईची बोलणी जुळवू लागलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लेप जवळून बघितला.

"इतकी वर्षं हा येईल त्याला पाय दाखवतोय," ते म्हणाले. "काहीतरी लावणारी तुझी आई पहिलीच." हसता हसता त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "राहू दे तिच्याकडे."

"भाव बोला!"

"ग्रँड."

"ग्रँड हा काय भाव झाला?" मी ओरडलो. तोवर ते गेटपाशी पोहोचलेही होते.

फुकट! मला! माझी सगळी बोलणी पोटातच राहिली. हा राग मी अजून सोडलेला नाही.

त्या थंडीतच ते गेले. चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून सगळी गल्ली अंतर ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आईने सकाळीच ताजी हळद लावली होती. मी चित्र छातीशी धरून उभा. शववाहिनी आमच्यासमोर हळू झाली.

"भाव ठरायचा राहिलाय, आजोबा," मी पुटपुटलो.

आई म्हणाली, "गप रे. चित्र सरळ धर, त्यांना दिसू दे."