विठोबाच्या खांद्यावरचं रफू

नर्मदाबाई शिंपीण चोर नव्हती, हे आधीच सांगते. चोरीचे कपडे मात्र शिवायची. आता नाकं मुरडू नका! प्लेगानं नवरा नेला, पदरात वनजा, आणि म्हैसूरच्या थंडीत पोरीचा खोकला काही थांबेना. निवृत्ती भुरटा लोकांचे वाळत घातलेले कपडे उचलून आणायचा, ही ते उसवून ओळखू येणार नाहीत असे शिवून द्यायची. त्यावर दोघींची चूल पेटायची.

बाईचा नेम मात्र एक. कापडाला कात्री लावली की चांगला तुकडा आधी विठोबाचा. तुकडे जोडून ती आमच्या गल्लीतल्या देवाला अंगरखा करायची. चोरीच्या कापडातलेसुद्धा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय!

एकदा निवृत्तीनं जाड निळा कोट आणला. शिलाईच्या बदल्यात बाईनं तोच मागून घेतला आणि वनजेला बंडी बेतली. कापड पुरेना. मग देवाला दिला पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेला तुकडा. म्हणाली, "विठ्ठला, एवढ्या बारीला सांभाळून घे."

सांभाळतोय कसला! कार्तिकी एकादशीला पोलीस दफेदार मानाजीराव दर्शनाला आला, आणि देवाच्या खांद्याकडे बघत खांबासारखा उभा राहिला. टाळ थांबले.

"हा तुकडा कुठला, नर्मदाबाई?"

अय्यो! बाईनं वनजेला जवळ ओढलं. आपण तुरुंगात गेलो तर पोरीला कोण बघणार? पण खोटं बोलायचं तरी कसं, समोर देव उभा.

"तुमच्याच कोटाचा असेल, दफेदारसाहेब. बाकीचा हिच्या अंगावर आहे. मला न्या, पण बंडी तेवढी राहू द्या."

दफेदारानं वनजेकडे बघितलंच नाही. हात लांब करून त्यानं ते पिवळं रफू चाचपलं.

"विडीनं जळलं होतं. माझ्या बायकोनं, कावेरीनं, मला शिव्या देत देत रफू केलं," तो म्हणाला. "त्याच साली प्लेगात गेली." त्याचे डोळे भरून आले. आमचेही आले, खोटं कशाला सांगू?

मग नाक पुसून म्हणाला, "राहू दे. तिला जागा बरी मिळाली. हे काम त्या निवृत्तीचंच, त्याला मी बघतो. तुम्ही उद्यापासून आमच्या चौकीचे कपडे शिवा. आणि बाई, देवाला चांगलाच तुकडा देत जा. नाहीतर पुन्हा सापडाल!"

देऊळभर हशा पिकला. नर्मदाबाई तेवढी पदर तोंडाला लावून रडत होती, आणि वनजा बंडीची बटणं घट्ट धरून उभी होती.