भरलेला परत जाणारा डबा

आमच्या शाळेतल्या एका मॅडमची तक्रार माझ्या एका ओळीच्या जबाबामुळं निकालात निघाली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला अजून वाटतं, मॅडमची बदली नेहमीसारखी झाली.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळे डबे मध्ये ठेवून जेवायची आमची पद्धत. टेबलावर पेपर अंथरायचा, झाकणं काढायची, आणि ज्याला जे आवडेल ते त्यानं कुणाच्याही डब्यातून उचलायचं. नव्यानं रुजू झालेल्या मॅडमना हे फार आवडलं. दुसऱ्याच दिवशी त्या मोठा डबा घेऊन आल्या. भरली वांगी, आठ-दहा जणांना पुरतील एवढी. त्यांची जात सगळ्यांना आडनावावरून आधीच कळलेली होती. वांगी तशीच राहिली. कुणाचा उपास निघाला, कुणाला वांगं वातूळ. मी ॲसिडिटी सांगितली. ती मला होती, खोटं नाही. पण सकाळी मिसळीचा कट पिताना मला ती आठवत नसे.

आमच्या डब्यातलं मात्र आम्ही त्यांना आग्रहानं वाढायचो. द्यायला हरकत नव्हती, घ्यायला होती.

महिन्याभरात त्यांचा डबा मधल्या आकाराचा झाला. दिवाळीनंतर एकटीपुरता. एकदा हसत म्हणाल्या, "सर, तुमच्या ॲसिडिटीला माझाच डबा बरा ओळखू येतो." सगळे हसले. मीही हसलो.

मग त्यांनी जेवणातल्या या भेदभावाची लेखी तक्रार दिली. हेडसरांनी मला बोलावलं. माझं अक्षर चांगलं, आणि मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"एका ओळीत लिवा की सर. सगळी एका टेबलावर जेवत्यात. हे खोटं हाय व्हय?"

खोटं नव्हतं. मी तेवढंच लिहिलं, खाली सही केली. तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असा शेरा पडला. जूनमध्ये मॅडमना संस्थेच्या गडहिंग्लजकडच्या शाखेत पाठवलं. त्यांची मुलगी इथं शहरात नुकतीच दहावीला गेली होती. ती मावशीकडं राहिली, आणि मॅडम दर शनिवारी एसटीनं यायच्या, असं नंतर कानावर आलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपला चमचा पुसून पिशवीत टाकला आणि माझ्याजवळ थांबल्या. "बाकीच्यांचं काही वाटलं नाही सर. तुम्हाला लाज वाटताना मी बघितलं होतं, म्हणून साक्षीला तुमचं नाव दिलं होतं."

यंदा शाळेला भेदभावाविरुद्धचं धोरण करायचं होतं, मुलांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठीही. काम माझ्याकडं आलं, त्याच अक्षरामुळं. दुसऱ्या कुठल्या शाळेचा नमुना समोर ठेवून उतरवत होतो. 'तक्रारदाराने दोन साक्षीदार द्यावेत' या ओळीवर पेन अडलं. मॅडमनी दोन कुठून आणले असते? त्यांना एकच मिळाला होता, तो मी.

ती ओळ काढली. चौकशीला हेडसर नकोत, बाहेरचं माणूस बसवावं, असं घातलं. प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं. तक्रार करणाऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध हलवू नये. आणि एकत्र जेवता का, हे विचारून थांबू नये. कुणाचा डबा भरलेला परत जातो, ते विचारावं. वर्गातल्या पोरांनाही हेच विचारावं.

सभेत वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्ष खूश झाले. इतकं बारीक कुठनं सुचलं, म्हणाले. मी म्हणालो, वाचनातून.

धोरण आता ऑफिसच्या बाहेर फ्रेममध्ये आहे. आत, कपाटातल्या फायलीत, माझा जबाब आहे. धोरण मंजुरीच्या तारखेपासून पुढंच लागू राहील, जुनी प्रकरणं उघडली जाणार नाहीत, असं शेवटच्या कलमात आहे. ते कलम नमुन्यात नव्हतं. मी घातलं.

मॅडमना मी एक जबाब देणं लागतो, माझ्या सहीचा: त्यांच्या डब्याला आम्ही कुणीही हात लावला नाही, मीही नाही, आणि कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो मी अजून दिलेला नाही.