कार्ब्युरेटरमधली चांदी

दातांचे डॉक्टर त्या दिवशी घरून निघाले होते ते दवाखान्यासाठी नवी खुर्ची घ्यायला. बटण दाबलं की पेशंटला अलगद वर उचलणारी. परत आले ते दोन दारांची, लांब नाकाची, इटलीत बनलेली मोटारगाडी घेऊन. 'घेऊन' हा शब्द सभ्यता म्हणून वापरायचा. गाडीला दोर बांधून एक ट्रक ओढत होता आणि डॉक्टर आत स्टिअरिंग धरून, आपणच चालवत असल्यासारखं तोंड करून बसले होते.

झालं असं होतं, की खुर्च्यांच्या दुकानाला लागून एका म्हाताऱ्या विधवेचं अंगण होतं आणि अंगणात ताडपत्रीखालून एक क्रोमचा बंपर बाहेर डोकावत होता. डॉक्टरांचा आयुष्यभराचा व्यवसाय म्हणजे जे झाकलेलं आहे ते उघडून आत बघणं. त्यांनी ताडपत्री उचलली. पुढचं ओघानंच आलं.

जुनी खुर्ची त्यामुळे दवाखान्यात तशीच राहिली. ती आपली आपण खाली जाते. पेशंट आ करतो तेव्हा डॉक्टरांच्या छातीशी असतो आणि दाढ हातात येईपर्यंत गुडघ्यांशी पोचतो. डॉक्टर त्याच्याबरोबर वाकत जातात. नव्या पेशंटना ही काहीतरी आधुनिक सोय वाटते.

अशा गाडीला ग्रँड टूरिंग म्हणतात. म्हणजे दोघांनी सकाळी बॅगा टाकून निघावं, मध्ये दोन-तीन देश ओलांडावेत आणि संध्याकाळी समुद्रकाठी उतरावं, तेव्हा केससुद्धा विस्कटलेले नसावेत. डॉक्टरांची गाडी पेट्रोल पंपापलीकडे फारशी गेली नव्हती आणि डॉक्टरांना केस नव्हते. मागे एक चिंचोळी सीट होती. ती हातातल्या पिशव्यांसाठी केली की नावडत्या नातेवाइकांसाठी, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

डॉक्टरांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवायच्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. ट्रकने दोर सोडल्यावर बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढचं चाक चपलेनं दाबून पाहिलं.

"कुठली म्हणालात?"

"इटलीची."

"तो देश नकाशात बुटासारखा दिसतो," बाई म्हणाल्या. "चालायची सवय ठेवावी लागेल."

तेव्हापासून त्या गाडीत बसून जिथे म्हणून निघाल्या, तिथे रिक्षाने पोचल्या.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टर गॅरेजमध्ये असत. उजवीकडे वळण्याचा दिवा लावला की हॉर्न वाजे. तो बरा केला तर वायपर सुरू झाले. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, त्याने आपला आशावाद सोडला नाही. डॉक्टरांची हत्यारं दवाखान्यातलीच. तोंडात घालायचा छोटा आरसा, टोकदार सळ्या, कापसाच्या गुंडाळ्या. इंजिनात सहा सिलिंडर होते. पुढच्या दोघांना ते सुळे म्हणत आणि अगदी मागच्या दोघांना अक्कलदाढा, कारण तिथे हात पोचत नसे आणि सगळी दुखणी तिथूनच सुरू होत.

खरी जोखमीची कामं मेकॅनिक करायचा. त्याला हळूहळू म्हणत. काहीही विचारलं की "होईल हळूहळू" हे त्याचं उत्तर. नाव ठेवलं होतं बाईंनीच, सातवीत. परीक्षेत जगाचा नकाशा रंगवता रंगवता तो आफ्रिकेपर्यंत पोचला तेव्हा घंटा झाली होती. या हळूहळूची खालची दाढ कित्येक वर्षं किडलेली होती आणि डॉक्टरांच्या खुर्चीचं त्याला मरणाचं भय होतं. त्यामुळे दोघांचं छान जमायचं. डॉक्टर गॅरेजमध्ये गेले की म्हणायचे, "आ कर बघू." हळूहळू म्हणायचा, "आधी बॉनेट उघडा." मग कोणीच काही उघडत नसे आणि दोघे चहा पीत.

बाई निवृत्त झाल्या त्या आठवड्यात त्यांनी जेवताना सांगून टाकलं, "मला तळ्यावर जायचंय."

तळं घाटापलीकडे होतं. पाठ्यपुस्तकात त्याचं चित्र होतं. ज्वालामुखीच्या मुखात पाणी साठून झालेलं, चहूबाजूंनी कडे. बाईंनी नोकरीभर ते फळ्यावर काढलं, प्रत्यक्षात कधी पाहिलं नाही, कारण दर वेळी डॉक्टर म्हणत, गाडी तयार झाली की जाऊ.

"बसने जाऊ या?" डॉक्टरांनी चाचपून पाहिलं.

"तुमच्या गाडीने. गेली आणि घरी परत आली, तर राहू दे. पुन्हा एक शब्द काढणार नाही. मध्ये कुठे पसरली, तर त्या हॉटेलवाल्याला देऊन टाका."

हॉटेलवाल्याचं नाव निघताच डॉक्टरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. तळ्याकाठी त्याचं नवं हॉटेल होतं आणि त्याला ही गाडी हवी होती. चालवायला नव्हे, मधोमध कापायला. पुढचा अर्धा भाग भिंतीतून बाहेर आलेला, त्यावर काच टाकलेली आणि मागे मुलगी उभी राहून खोल्यांच्या किल्ल्या देतेय, असं रिसेप्शनचं काउंटर त्याच्या मनात होतं. दिवे लागतील हेही त्याने कबूल केलं होतं. एवढं तर डॉक्टरांनासुद्धा कधी जमलं नव्हतं.

हळूहळूने गाडी मनापासून तयार केली. इंजिन असं चालायला लागलं की बॉनेटवर भरलेला पेला ठेवला तरी सांडू नये. तो म्हणाला, "डॉक्टर, आता तिला हात लावू नका. चालतीय."

डॉक्टरांनी हात लावला. ते नुसतं बघणार होते. पण कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी एकेक इवलीशी पितळी तोटी असते, तिला सुईच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्यातून मोजकं पेट्रोल आत जातं. डॉक्टरांनी शेवटच्या अक्कलदाढेची तोटी काढून आरशात पाहिली. भोक त्यांना अरुंद वाटलं, कडेला काळं दिसलं आणि हाताने आपणहून रूट कॅनॉलची बारीक कानस उचलली. या कामाचा नियम एकच. नळी सापडली की रुंद करत जायचं, स्वच्छ पांढरा दात लागेपर्यंत. डॉक्टर कानस फिरवत राहिले. पितळेत पांढरा दात लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा भोकातून गॅरेजची खिडकी दिसत होती.

गाडी सुरू केली तर मागून काळा धूर आला आणि बाईंनी वाळत घातलेल्या चादरीवर ढग उमटला. नवी तोटी इटलीहून मागवली तर पुढच्या वर्षी येणार. हळूहळूला सांगावं तर तो काय म्हणेल? बाईंना सांगावं तर त्या काहीच म्हणणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

मोठ्या झालेल्या भोकावर दातांच्या डॉक्टरला एकच उपाय माहीत असतो. त्यांनी तोटीत चांदी भरली. दाबून बसवली, घासून गुळगुळीत केली, घट्ट होऊ दिली आणि सर्वांत बारीक ड्रिलने तिच्यात नवं भोक पाडलं. गाडी सुरू केली. धूर नाही. डॉक्टरांनी सवयीने तिला सांगितलं, "या बाजूने चावायचं नाही."

निघताना त्यांनी हळूहळूला मागच्या सीटवर घातलं. घडी घालूनच घालावं लागलं. त्याचा गाल सकाळी टम्म सुजला होता आणि बोली अशी ठरली होती की त्याने गाडीबरोबर यायचं आणि परत आल्यावर डॉक्टरांनी दाढ काढायची, न दुखवता.

घाट चढताना डॉक्टर इतकं हळू चालवत होते की एका सायकलवाल्याने वळून पाहिलं.

"अहो, ही रेसची गाडी ना?" बाई म्हणाल्या.

"हिला अशीच आवडते."

"सातवीत हळूहळूचंही असंच होतं."

मागून हळूहळू काहीतरी म्हणाला. गालामुळे ते शब्द नव्हते, नुसता सूर होता, पण नाराजीचा होता.

तरीही गाडी पोचली. तळ्याच्या कठड्याशी ती उभी राहिली तेव्हा डॉक्टरांनी इंजिन बंद केलं नाही. तापलेली असताना ती पुन्हा सुरू होत नाही, हे ते कितीतरी चौकांत उभं राहून शिकले होते. हळूहळूला पुढे बसवून "पाय ठेव, मरू देऊ नको" असं बजावून ते बाईंच्या मागे कठड्याकडे गेले.

बाईंनी तळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "मी फळ्यावर मोठं काढायची."

तेवढ्यात हॉटेलवाला आलाच. पांढरा शर्ट, हातात गुंडाळलेला नकाशा. त्याने तो बाईंसमोरच कठड्यावर उलगडला. भिंत, भिंतीतून बाहेर आलेलं गाडीचं नाक आणि बॉनेटवर फुलदाणी.

"काकू, बघा. किती शोभेल. नाहीतरी या वयात तुम्ही कुठे फिरणार?"

बाई निवृत्त होऊन आठवडा झाला नव्हता. त्यांनी नकाशा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

"मागचा अर्धा भाग कुठे जाणार?"

"तो काय, भंगारात."

"आणि दिशा? यात उत्तर कुठे दाखवलीय? नकाशाला उत्तर दिशा लागते."

हॉटेलवाला डॉक्टरांकडे पाहून हसला. डॉक्टर इंजिनाचा आवाज ऐकत होते. त्यांना तो आवडत नव्हता. "अगं, निघू या," ते म्हणाले. हॉटेलवाल्याने मागून हाक मारून सांगितलं की घाटात अडकलात तर फोन करा, माझा ट्रक मोकळाच आहे.

तळ्याजवळच्या पंपावर पोऱ्या म्हणाला, इंजिन बंद करा, तरच पेट्रोल. नियम त्याचा बरोबर होता. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्या क्षणी दुसरं कोणी धीर देणारं नव्हतं.

परतीच्या चढावर चांदी निघाली. आधी गाडी खोकली, मग एक पाय आखूड असल्यासारखी चालायला लागली आणि आरशात काळा पडदा दिसला. मागून पेट्रोलचा वास घेत हळूहळू पुढे सरकला. सुजलेला गाल डॉक्टरांच्या कानाला लागला.

"डॉक्टर. तुम्ही हात लावला."

"थोडासा."

"काय केलं?"

डॉक्टरांनी सांगितलं. लपवण्यासारखं होतं ते सगळं आता बाहेर धुरात दिसतच होतं.

"माझ्या कार्ब्युरेटरमध्ये चांदी भरली?"

"तात्पुरती."

हळूहळू मागे टेकला. "माझी दाढ आहे तशी राहू दे," तो म्हणाला.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. हेच ते.

घाटमाथ्यावर, खिंडीतल्या मैलाच्या दगडाशी गाडी थांबली. टाकीत थेंब नव्हता. काटा अर्ध्यावर होता. डॉक्टर खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. पेशंट दगावल्यावर नातेवाइकांना काय सांगतात ते दातांच्या डॉक्टरला शिकवत नाहीत. त्यांना भिंतीतून आलेलं नाक दिसत होतं. फुलदाणीसकट.

"फोन करतो त्याला," ते म्हणाले. "ठरलं होतं तसं."

"काय ठरलं होतं?"

"मध्ये कुठे पसरली, तर."

बाई उतरल्या. रस्त्याच्या कडेला जाऊन त्यांनी खाली पाहिलं. वळणं, मग माळ, मग पाण्याच्या टाकीमागे आपली गल्ली. त्यांनी हाताने हवेतच उंचीच्या रेषा काढल्यासारखं केलं.

"पसरलीय कुठे? थांबलीय," त्या म्हणाल्या. "इथून घरापर्यंत सगळा उतार आहे. टाकीपाशी थोडा चढ आहे, पण तोवर वेग आला तर निघेल. सरका तिकडे."

"तू चालवणार? तुला ही गाडी..."

"गाडी कुठे चालवायचीय? नदी जाते तसं जायचंय. तुम्ही बसलात तर प्रत्येक वळणावर ब्रेक मारून टाकीच्या अलीकडे थांबाल. अरे हळूहळू, ढकल."

हळूहळू बाहेर आला. "बाई, इंजिन बंद आहे. ब्रेक जड लागेल. दोन्ही पायांनी दाबा. आणि किल्ली काढू नका, स्टिअरिंग अडकेल."

"बरं."

ढकलून झाल्यावर हळूहळू धावत आत शिरला आणि त्याने बाईंच्या शेजारची जागा आधी पकडली, म्हणजे डॉक्टरांची जागा. डॉक्टर मागच्या सीटवर गेले. तिथे गुडघे कानांशी येतात आणि समोर फक्त दोन डोकी दिसतात.

मग ती गाडी ज्यासाठी बनली होती ते तिने पहिल्यांदा केलं. आवाज नाही, धूर नाही, नुसता टायरचा सळसळाट. बाई वळण येण्याआधीच वळत होत्या, कारण ते त्यांनी वरून पाहून पाठ केलं होतं. सकाळचा सायकलवाला पुन्हा दिसला आणि दिसेनासा झाला. डॉक्टर मागून म्हणाले, "अगं, जरा बेतानं." कोणी ऐकलं नाही. हळूहळूने एका हाताने गाल आणि दुसऱ्याने दाराचं हँडल धरलं होतं.

टाकीचा चढ गाडी चढली, शेवटी शेवटी इतकी सावकाश की हळूहळू आपोआप पुढे वाकून तिला जोर देऊ लागला. मग ती गल्लीत वळली. बाईंनी रीतसर उजवा दिवा लावला, हॉर्न वाजला, शेजारची माणसं बाहेर आली आणि गाडी आपल्या फाटकात येऊन, स्वतःच ठरवल्यासारखी, उभी राहिली.

बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले होते. केस थोडे विस्कटले होते.

"घरी आली," डॉक्टर मागून म्हणाले. "म्हणजे, आली ना?"

"आली."

"मग राहिली."

"राहिली," बाई म्हणाल्या. त्यांनी किल्ली काढली, पाहिली आणि आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली, जिथे त्या पूर्वी वर्गाच्या कपाटाची किल्ली ठेवत. "तोटी मागवून घ्या इटलीहून. ती येईपर्यंत मी उतारावरची ठिकाणं काढते."

त्यानंतर हॉटेलवाल्याला कुठलीशी जुनी जीप मिळाल्याचं ऐकू आलं. हळूहळूने दाढ दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडून काढून घेतली. गाडी आहे. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी तिची निगा राखतात, तेल घालतात, काचा पुसतात. बॉनेट मात्र बाई समोर असल्याशिवाय उघडत नाहीत. फिरायला निघताना ते पुढचं दार उघडतात, सीट वाकवतात आणि मागे शिरतात. पुढची सीट बाईंच्या बॅगेला लागते.