सीटवरचा व्हीलपाना

क्लेम त्रेगेन्झासारखा चिकट माणूस आमच्या भागात दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी म्हटलेलं आहे. तसा तो पैशाला चिकट नाही. कुणाचं शेत जळो की कुणाकडे लग्न निघो, त्याचा हात सढळच असतो. पण परक्या माणसाने आपल्या गाडीला हात लावायचा आणि वर त्याचे पैसे मागायचे, हे त्याला सोसत नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या पांढऱ्या पिकअपचे पुढचे ब्रेक करकरायला लागले. बायको नोएलीन मागेच लागली म्हणून तो गाडी घेऊन पोर्ट ऑगस्टाच्या एका शोरूममध्ये गेला, आणि येताना थेट माझ्या दुकानात आला. गावातला पेट्रोलपंप, टपाल आणि किराणा मीच बघते. त्यामुळे लोकांचा राग आधी माझ्याकडे उतरतो, मग घरी जातो. त्याने काउंटरवर कागद आपटला. डिस्क, पॅड आणि मजुरी मिळून अठराशे चाळीस डॉलर. शिवाय गाडीला कॉम्प्युटर जोडून ब्रेक झिजलेत हे शोधून काढण्याचे एकशे नव्वद वेगळे, आणि ते तिथेच भरून घेतलेले.

“ब्रेक झिजलेत हे त्यांना मीच सांगितलं होतं, थेल्मा,” क्लेम म्हणाला. “माझंच वाक्य मला विकलं त्यांनी.”

मी म्हटलं, कॉफी तरी फुकट दिली ना. तो म्हणाला, त्या भावात कॉफीचं मशीनच उचलून आणायला हवं होतं. आठवड्याभरात त्याने स्वतः बसवायला मागवलेले डिस्क आणि पॅड टपालाने माझ्याकडे आले, चौथ्या हिश्शाच्या किमतीत. पुडकं काखेत मारून तो शीळ घालत गेला.

क्लेमला हसायचा मला अधिकार आहे, कारण माझा नवरा गेल्यावर गाडीचं ऑइल बदलायला त्यानेच मला शिकवलं. या भागातल्या निम्म्या लोकांना त्याने शिकवलंय. शिकवताना एक नियम तो घोकून घ्यायचा. चाक हवेत असताना नट नुसते बोटांनी फिरवायचे. गाडी जमिनीवर उतरवली की मग पान्याने आवळायचे. या दोन कामांच्या मध्ये उठायचं नाही. उठावंच लागलं, तर व्हीलपाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून उठायचं. सीटवर पाना आहे म्हणजे गाडीला हात लावायचा नाही. आमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा हे जाणतात. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, नोएलीन आधी सीट बघते आणि मगच किल्ली उचलते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. गव्हाची कापणी भरात होती आणि सकाळपासूनच अंगाची लाही होत होती. नोएलीनच्या बहिणीला पोर्ट ऑगस्टाच्या दवाखान्यातून दोन वाजता घरी सोडणार होते. तिला आणायला जायचं, म्हणून क्लेमने साडेदहापर्यंत गाडी तयार ठेवायचं कबूल केलं होतं. डावं चाक झालं. उजवं चाक बसवलं, नट बोटांनी फिरवले, गाडी खाली उतरवली, जॅक बाजूला सरकवला. पाना उचलला आणि गावातला आगीचा भोंगा वाजला.

भोंगा वाजला की आमच्याकडे कुणी मागे वळून बघत नाही. आगीचा बंब चालवणारेही आपणच आणि ज्यांचं जळतंय तेही आपलेच. कुणाच्या तरी कापणीयंत्राने पेट घेतला होता आणि वारा उत्तरेचा, वाळवंटाकडून येणारा गरम होता. क्लेम पूर्वी वीस वर्षं आमच्या आगपथकाचा कॅप्टन होता. पाण्याची टाकी बसवलेला त्याचा जुना ट्रक शेडमागे कायम भरून उभा असतो. तो धावत जाऊन त्यात बसला. नोएलीन परसात कपडे वाळत घालत होती. ती पुढे आली तेव्हा पिकअप चारही चाकांवर उभा होता आणि सीट रिकामी होती.

अकराच्या सुमारास ती माझ्या पंपावर आली. आम्ही आगीबद्दल बोललो, तिने बहिणीसाठी बिस्किटं घेतली आणि निघाली. गाडी वळताना पुढच्या चाकातून बारीक टक-टक ऐकू आली. टायरमध्ये खडा अडकला असेल, असं मला वाटलं. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण आगीच्या वेळी गावचा वायरलेस मी सांभाळते, आणि आत तो खरखरत होता, म्हणून मी आत गेले. ही टक-टक मी आजवर क्लेमला सांगितलेली नाही.

पाऊण तासाने आग आटोक्यात आली. मग वायरलेसवर क्लेमचा आवाज आला.

“थेल्मा, नोएलीन गेली का?”

मी म्हटलं, केव्हाच गेली.

“पाना माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “इथे ट्रकमध्ये, माझ्या शेजारी. धावताना हातातच राहिला.”

ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक, एवढंच त्याने पुढे सांगितलं आणि मला काही विचारावं लागलं नाही. नोएलीन एव्हाना सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर पोचली असणार. त्या पट्ट्यात फोनला रेंज नाही. तिच्या गाडीत वायरलेस आहे, पण ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकवत नाहीत म्हणून ती तो बंद ठेवते. ताशी एकशे दहाच्या वेगाने ती चालली होती आणि समोरून गव्हाचे तीन-तीन डब्यांचे ट्रक येत होते.

विझलेलं शेत पुन्हा पेटू शकतं, म्हणून कॅप्टनने सोडल्याशिवाय तिथून कुणी हलायचं नसतं. क्लेमने ते आयुष्यभर इतरांना सुनावलं, आणि त्या दिवशी कुणाला न विचारता तो निघाला. माझ्या दुकानापुढून गेला तेव्हा टाकीचा कॉक उघडा होता. वजन कमी व्हावं म्हणून हजार लिटर पाणी तो रस्त्यावर सोडत चालला होता, ऐन आगीच्या दिवसांत. आमच्याकडे ओळखीचं कुणी दिसलं की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा रिवाज आहे, त्याने तेही उचललं नाही. मी दारात उभी होते, तरी त्याला दिसले नाही.

मी ट्रकवाल्यांच्या चॅनेलवर हाका मारायला लागले. पांढरा पिकअप, एकटी बाई, ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक सैल आहे, तिला थांबवा. दोनदा, चारदा, दहादा. शेवटी कर्स्टी नावाच्या एका ट्रकवालीने उत्तर दिलं. ती गहू घेऊन पोर्ट ऑगस्टाकडेच चालली होती. अजून काही दिसलं नाही म्हणाली, पण बघते. मग वीस मिनिटं काहीच नाही. मी काउंटरची कड धरून उभी होते. दोन गिऱ्हाइकं आली आणि माझं तोंड बघून काही न घेता परत गेली. कानात सारखी ती टक-टक चालली होती. नोएलीन मेली, तर आधी कळूनही मी काही केलं नाही असाच त्याचा अर्थ होईल, हे डोक्यातून जात नव्हतं.

“दिसली गाडी,” कर्स्टी म्हणाली. “रस्ता सोडून खाली झुडपांत आहे. उभी आहे, उलटलेली नाही.”

मी विचारलं, बाई कुठंय. ती म्हणाली, थांब, उतरून बघते. ते थांबणं मी जन्मात विसरणार नाही.

“चाकापाशी जमिनीवर बसल्यात. हाक मारली, पण बघत नाहीत.” मग बऱ्याच वेळाने, “पाणी मागतायत. बऱ्या आहेत.”

मी खाली बसले आणि रडले.

पुढचं कर्स्टीने परतीच्या फेरीत सांगितलं. स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा समोरून एक ट्रक येत होता. नोएलीनने ब्रेक न मारता गाडी झुडपांत घातली. सहापैकी तीन नट गळून गेले होते आणि उरलेले तीन टोकाशी आले होते. तिने गाडीत पाना शोधला, तो मिळाला नाही. मग तापलेले नट हातानेच आवळत बसली. बोटं पोळली होती, दोन नखं उलटली होती.

क्लेम पोचला. बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून इथे लावायचा, हे त्याला झोपेतही जमलं असतं. पण पाना नटावर बसेचना. दर वेळी तो त्याच्या हातून घसरून खाली पडायचा. पोळलेल्या हाताने नोएलीनने पाना काढून घेतला आणि सगळे नट स्वतः आवळले. मग पाना त्याच्या हातात दिला.

“सीट रिकामी होती, क्लेम,” ती म्हणाली. “मी तेवढंच बघितलं.”

त्याने तिला धरायला हात पुढे केला, पण ती कर्स्टीच्या ट्रकमध्ये चढून बहिणीला आणायला गेली.

आता त्यांची गाडी शोरूममध्ये जाते. क्लेम स्वतः नेतो, कागद न वाचता पैसे भरतो, फुकटची कॉफीही पितो. पहिल्यांदा मी चिडवलं, तर तो टपाल न घेताच निघून गेला, म्हणून पुन्हा चिडवलं नाही. गावातली पोरं काही शिकायला आली की नकारार्थी मान हलवतो आणि त्यांना माझ्याकडे पाठवतो.

परवा टपाल द्यायला त्यांच्याकडे गेले होते. गाडी आदल्याच दिवशी शोरूममधून आली होती. नोएलीन बाहेर आली, तिने सीट बघितली. मग गुडघे टेकून खाली बसली आणि एकेक चाक घेऊन सगळे चोवीस नट बोटांनी चाचपले. क्लेम स्वयंपाकघराच्या खिडकीत कप धरून उभा होता. ती चौथ्या चाकापाशी जाईपर्यंत तो तिथून हलला नाही, आणि चहा त्याने प्यायलाच नाही.