दामाजी नाखवांचे दोन राखणदार

नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. खालून ड्रिलचा आवाज यायचा आणि वर मी ‘आधी फाइल सेव्ह करा’ म्हणून ओरडत असायची. १९९७च्या दिवाळीनंतर एक दिवस तो जिना चढून दामाजी नाखवा आले. वय अठ्ठावन्न, चेंदणी कोळीवाड्यातले, कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले आणि कोळी जमातीचे पंच. भांडण भिंतीचं असो, होडीचं असो की मोडलेल्या लग्नाचं, निकाल यांनी द्यायचा. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा त्यांचा नेम होता. बाजू काही कधी पूर्ण होत नसत, त्यामुळे निकालाला वर्षंच्या वर्षं लागत.

मी त्यांना फी सांगितली, वेळ सांगितली आणि जरा आगाऊपणानेच विचारलं, की या वयात हे कशाला?

ते म्हणाले, “बाय, माजी आत्या जायच्या आत तिची गानी मना कॉम्प्युटरवर लिवून काढायची हान.”

ही आत्या म्हणजे सरस्वतीबाई, वय अठ्ठ्याहत्तर. त्या धवलारीण होत्या. कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवले म्हणतात, आणि ही गाणी म्हणायचा मान धवलारणीचा. सरस्वतीबाईंना दीडशेच्या वर धवले पाठ होते आणि त्यातला एकही पूर्वी कुठे लिहिलेला नव्हता. नव्या मुली शिकायला तयार नव्हत्या. बाईंचा आणखी एक हट्ट होता. मांडवाबाहेर त्या एक ओळ म्हणत नसत. नवरा-नवरी समोर नाहीत तर मी सांगू कोणाला, असं त्यांचं म्हणणं. दामाजींनी टेपरेकॉर्डर लावून पाहिला होता, पण तीन कॅसेटींवर फक्त बँड आला. शेवटी माझ्याकडे यायच्या आधी दोन हंगाम ते पेन्सिल आणि वही घेऊन लग्नांमागे फिरले होते. बाईंच्या मागे त्यांची पिशवी आणि पानाचा डबा सांभाळत दामाजींची बायको मनुबाई उभी असायची, आणि तिच्या शेजारी हे, मान खाली घालून लिहीत.

मग त्यांनी फंडाच्या पैशातून कॉम्प्युटर घेतला. वर्षभर दोन बोटांनी टाइप केलं. शिकवताना मी त्यांच्यावर भरपूर चिडले. प्रत्येक बटण दाबायच्या आधी ते माझ्याकडे बघत. एकदा मी म्हटलं, “काका, स्पेसबार दाबायला जमातीची परवानगी लागत नाही.” ते हसले आणि पुन्हा माझ्याकडे बघूनच स्पेसबार दाबला. पण १९९८च्या दिवाळीला त्यांनी क्लासमध्ये पेढे वाटले. एकशे त्रेसष्ट धवले कॉम्प्युटरमध्ये गेले होते.

त्याच आठवड्यात माझ्या क्लासमधल्या दोन मशिनींना व्हायरस लागला. मी दामाजींना म्हटलं, अँटिव्हायरस घ्या. दोन पर्याय होते. एका मासिकाच्या सीडीवर एक फुकट मिळत होता. दुसरा स्टेशनजवळच्या डीलरकडे, नऊशे रुपयांना, खोक्यात. फुकटवाला वाईट नव्हता, पण रोज नवे व्हायरस येतात, त्यांची माहिती त्याला कोण देणार? घरी इंटरनेट नाही. विकतवाल्याचा डीलर दर महिन्याला नवी फ्लॉपी देणार होता. म्हणून विकतचा घ्या. एवढं एका मिनिटाचं काम होतं. माझी चूक इतकीच, की मी ते एका पंचाला सांगितलं.

“पन फुकटवाल्याचं म्हननं काय हाय?” त्यांनी विचारलं.

झालं. त्यांच्या घराच्या ओट्यावर सुनावणी सुरू झाली. ज्यांनी कॉम्प्युटर लांबूनही पाहिला नव्हता त्यांनीही साक्ष दिली. बँकेतल्या एका शहाण्याने सांगितलं की व्हायरस कंपन्याच सोडतात. सरस्वतीबाईंचं मत विकतवाल्याच्या बाजूने पडलं. फुकट बोलावलेली बाई मांडवात येऊन बसते, जेवते, पण गायची वेळ आली की पाणी प्यायला उठते, असा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव होता. मनुबाईंना कोणी विचारलं नाही. त्या आत कोळंबी सोलत होत्या.

निकाल लागला, पण तो दामाजींचा निकाल होता. डीलरने महिनाभर वापरून बघायला एक प्रत दिलेली होती. तेव्हा दोघांनाही महिनाभर घरात ठेवायचं, वागणूक बघायची आणि मग ठरवायचं. त्यांनी एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही चढवले. मला हे कळवायची गरज त्यांना वाटली नाही; मला ते फार उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी फुकटवाल्याने तक्रार केली, की विकतवाल्याच्या पोटात व्हायरस सापडला आहे, काढून टाकू का? पुढच्या दिवशी विकतवाल्याने फुकटवाल्याबद्दल शब्द न् शब्द तीच तक्रार केली. यात नवल काही नाही. व्हायरस ओळखण्यासाठी त्याच्या खुणा प्रत्येक अँटिव्हायरस स्वतःजवळ बाळगतो. दुसऱ्याला त्या दिसतात आणि चोर सापडला असं वाटतं. दामाजींना मात्र मनापासून आनंद झाला. तीस वर्षं त्यांच्यापुढे आलेले दोन्ही पक्ष हेच करत आले होते. त्यांनी पहिल्याला ‘हो’ म्हटलं आणि दुसऱ्यालाही ‘हो’ म्हटलं. ओट्यावर सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, की दोघांचीही तक्रार मान्य केली, अन्याय कोणावरच केला नाही.

दोघांनी एकमेकांचं आतलं सगळं काढून टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोघांची चित्रं तेवढी राहिली. दोन वॉचमनच्या टोप्या खुंटीला आणि खाली माणूस कोणी नाही, अशी ती व्यवस्था होती. अशी ती फेब्रुवारीपर्यंत चालली. घरात आता शांतता आहे, दोघंही तक्रार करत नाहीत, म्हणून दामाजी खूश होते.

फेब्रुवारीत एका लग्नपत्रिकेवर धवल्याच्या दोन ओळी छापायच्या होत्या. पत्रिकावाल्याने मजकूर तपासायला फ्लॉपी दिली. दामाजींनी ती घातली, एक वेलांटी सुधारली आणि परत नेऊन दिली. आठवड्याने सकाळी क्लासमधला फोन वाजला.

“बाय, पडदा काला झालाय.”

मी वर्ग सोडून चालत चेंदणीला गेले. तासभर खटपट केली. डिस्कवर काही नव्हतं; पत्रिकावाल्याच्या फ्लॉपीतून आलेला व्हायरस सगळं पुसून गेला होता. मी म्हटलं, घाबरू नका, मी तुम्हाला गाण्यांची एक प्रत फ्लॉपीवर करून दिली होती, ती आणा. ती देव्हाऱ्यात होती. होडीला, जाळ्याला करतात तशी तिचीही पूजा झाली होती. वरवरची नव्हे. दामाजींनी तिची पत्र्याची झडप सरकवून हळद-कुंकू आत लावलं होतं, जिथे गाणी आहेत तिथे. मग मी वह्या मागितल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलंय, आता वह्या कशाला, असं दामाजीच म्हणाले होते. त्या पानांत सुके बोंबील बांधून मनुबाईंनी पार कल्याणपर्यंतच्या नातेवाइकांना वाटले होते.

मी ओरडले. वडिलांच्या वयाच्या माणसावर त्याच्या घरात उभी राहून ओरडले. दामाजी कॉम्प्युटरपुढे खाली जमिनीवर बसले. तेव्हा मला माझी लाज वाटली. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत हे मी सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, असं करणार कोण.

आत्याला सांगायचं धाडस त्यांना चार दिवस झालं नाही. सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. परत लिही म्हणाल्या, पण मांडव आण.

आता मांडव आणायचा कुठून? आत्याला जिना चढताना धाप लागत होती, पुढच्या हंगामाचा भरवसा नव्हता. आणि चेंदणी-कोलशेतमधली निम्मी लग्नं या ना त्या वादात अडकलेली होती, म्हणजे दामाजींकडेच पडलेली होती. मग जमातीने कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. आठ वर्षं रखडलेला कोलशेतचा एक मानपानाचा तंटा त्यांनी एका दुपारी मिटवला. दुसरी बाजू अजून बोलत असताना निकाल दिला. मुलगा नोकरीत कायम झाला की बघू म्हणणाऱ्या एका बापाला त्यांनी घरी जाऊन पटवलं. कोणी डिसेंबर म्हणालं की हे म्हणत मे. दामाजीला लग्नामागे काहीतरी मिळतंय अशी कुजबुज झाली. मिळतच होतं, लग्नागणिक सहा-सात धवले. मेच्या मध्यापर्यंत त्यांनी अकरा लग्नं लावून दिली आणि सत्तर गाणी परत मिळवली. त्यातली दोन जोडपी आजही मला भेटली की दामाजींच्या नावाने बोटं मोडतात.

बारावं लग्न कोलशेतला होतं. मलाही ओढून नेलं होतं. हळदीचा धवला चालू होता. तिसऱ्या ओळीला सरस्वतीबाईंचा श्वास अडकला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पाटावर बसल्या. दामाजींची पेन्सिल वहीवर तशीच थांबली. उरलेली नव्वदएक गाणी आता गेलीच, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात मागून चौथी ओळ आली. पिशवी आणि पानाचा डबा हातात तसाच धरून मनुबाई गात होत्या. न अडखळता, न थांबता. हळद पुरी होईपर्यंत त्या गायल्या. सरस्वतीबाई डोळे मिटून मान हलवत होत्या, आणि त्यांनी एका शब्दाची दुरुस्ती केली नाही.

गाणं संपल्यावर दामाजी उठून बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

“तुला किती येतान?”

“सगले.”

“मंग सांगलं का नाय?”

मनुबाईंनी पानाचा डबा आत्याकडे दिला आणि म्हणाल्या, “तीस वरसं मांगं उभी हाय. मना कवा कोनी इचारलं?”

त्या घरात मी दीड वर्ष जात होते, त्यांच्या हातचं जेवत होते, आणि मीही विचारलं नव्हतं.

मनुबाईंना मांडव लागत नव्हता. कालवण ढवळता ढवळता त्या सांगत आणि दामाजी शेजारी बसून लिहीत. जूनमध्ये ते क्लासवर आले. कोणाची बाजू ऐकायची नाही, विकतचा दे, म्हणाले. मी डीलरकडून खोकं मागवलं. आत कंपनीला पाठवायचं एक इंग्रजी कार्ड होतं, कॉम्प्युटर कोण वापरतं त्याची माहिती भरून द्यायची. मी त्यांचं नाव लिहायला पेन उघडलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून सावकाश मराठीत लिहिलं: सौ. मनुबाई दामाजी नाखवा. खाली व्यवसायाचा रकाना होता. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लिहिलं, धवलारीण.

त्या दिवशी क्लास लवकर सोडून ते कार्ड मी स्वतः टपालात टाकलं.